आधी रेडिओची खोली, मग राहायची: लष्करी शेल्टर आणि ट्रेलरच्या कॅम्परमागची पार्श्वभूमी

अमेरिकन लष्कराच्या एस-२५० शेल्टरमध्ये, म्हणजे ट्रकवर ठेवायच्या पेटीसारख्या खोलीत, पहिल्यांदा शिरलेला माणूस खिडकी शोधतो. खिडकी नसते. मागे एक दार, वायरी आत घेण्यासाठी झाकणं असलेली भोकं, हवेसाठी झरोके आणि बाकी चहूकडे ॲल्युमिनियमचा पत्रा. उंच माणसाला आत ताठ उभं राहता येत नाही. अशी शेल्टरं सरकारी लिलावात विकत घेऊन, लष्कराच्याच जुन्या ट्रेलरवर बसवून त्यांचे कॅम्पर, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, करणारे हौशी लोक अमेरिकेत गेली कित्येक वर्षं आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की आयती भक्कम पेटी मिळाली, आत पलंग टाकला, काम झालं. पण ही पेटी माणसाला राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. ती बांधली होती रेडिओसाठी. माणूस आत बसायचा तो रेडिओ चालवण्यापुरता. हे ध्यानात ठेवलं की या कॅम्परचा जवळजवळ प्रत्येक गुण आणि प्रत्येक दोष कुठून आला ते कळतं.

गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धात. चालत्या गाडीतून लांबवर संदेश पाठवता येईल असा ताकदवान रेडिओ अमेरिकेच्या सिग्नल कोअरला, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागाला, हवा होता. शिकागोच्या हॅलिक्राफ्टर्स कंपनीकडे हौशी रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे हॅम मंडळींसाठी बनवलेला एचटी-४ नावाचा प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर, होता. त्यावरूनच बीसी-६१० हा लष्करी प्रक्षेपक तयार झाला. तो शेव्हरोलेच्या बंद गाडीत बसवला, मागे दोन चाकी ट्रेलर जोडला आणि ट्रेलरवर पेट्रोलचा जनरेटर ठेवला. या जोडीचं नाव एससीआर-२९९. गाडीत यंत्र आणि माणसं, ट्रेलरवर वीज, ही विभागणी इथे पक्की झाली आणि पुढची अनेक दशकं टिकली. आजचा कॅम्परवाला ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बॅटरी किंवा छोटा जनरेटर ठेवतो, तेव्हा तो नकळत हीच मांडणी पुढे चालवत असतो.

पुढचं पाऊल मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तीच यंत्रं गाडीतून काढून एका स्वतंत्र पेटीत बसवली गेली आणि पेटी अडीच टनी ट्रकच्या हौद्यात ठेवली गेली. पेटीचं नाव एचओ-१७, आणि सगळ्या संचाचं एससीआर-३९९. पेटी आणि गाडी वेगळ्या झाल्या. ट्रक बिघडला तर पेटी उचलून दुसऱ्या ट्रकवर ठेवता येते, ट्रक दुसऱ्या कामाला हवा असेल तर पेटी जमिनीवर उतरवून तिथेच काम चालू ठेवता येतं. शेल्टर या कल्पनेचा जीव या वेगळेपणात आहे. जुन्या शेल्टरचा कॅम्पर होऊ शकतो तोही यामुळेच. गाडी जुनी होऊन मोडीत निघते, पेटी मागे उरते आणि नव्या चाकांची वाट पाहते.

युद्ध संपल्यावर उरलेल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न अमेरिकेने युद्ध चालू असतानाच हातात घेतला होता. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यासाठी कायदा झाला, आणि १९४६ पासून वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशन नावाच्या खात्याने ही प्रचंड विक्री हाताळली. याच काळात एक दंतकथा जन्मली, ती अजून मेलेली नाही: लाकडी खोक्यात बंद, कोरी करकरीत जीप अवघ्या पन्नास डॉलरला मिळते. मासिकांत अशा जाहिराती वर्षानुवर्षं येत राहिल्या. पैसे पाठवणाऱ्याच्या हाती पडायची ती सरकारी माल कसा विकत घ्यावा याची माहितीपुस्तिका. जीपा विकल्या गेल्या हे खरं, पण वापरलेल्या, आणि त्या भावात नाही.

खरा फायदा झाला तो सुट्या मालाचा. युद्धाआधी, १९३० च्या दशकात, अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर अमेरिकेत लोकप्रिय झाले होते: आत दोघांना झोपण्यापुरती जागा, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. युद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं आणि हे सगळं थांबलं. १९३६ मध्ये रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणणाऱ्या एअरस्ट्रीमलाही काम बंद ठेवावं लागलं; कंपनीचे संस्थापक वॉली बायम युद्धकाळात विमान कारखान्यात काम करत होते. शांतता आल्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, जीपची चाकं आणि विमान बांधताना पत्रा जोडायला शिकलेले हजारो हात, हे तिन्ही एकदम मोकळे झाले. घरच्या अंगणात ट्रेलर बांधण्याची लाट आली ती तेव्हा. लष्करी मालापासून फिरतं घर करण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

आता पुन्हा पेटीकडे. १९५० आणि ६० च्या दशकांत लष्कराची यंत्रं वाढली: रेडिओ टेलिटाइप, बहुवाहिनी रेडिओ, सांकेतिक लिपीची यंत्रं, टेलिफोनचे स्विचबोर्ड. त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये फोम भरून, कडांना आणि मध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घालून बनवलेली शेल्टरं आली. गिचनर आणि क्रेग या ती बनवणाऱ्या कंपन्यांपैकी. त्यातली दोन घराघरात, म्हणजे हौशी लोकांच्या घराघरात, पोचली. मोठं एस-२८०, सुमारे बारा फूट लांब, अडीच टनी ट्रकवर बसणारं. आणि धाकटं एस-२५०, साधारण सात फूट लांब, साडेसहा फूट रुंद, रिकामं असताना साडेतीनशे किलोच्या आसपास. एस-२५० चा खालचा भाग वरच्यापेक्षा अरुंद आहे, कारण पिकअपच्या हौद्यात दोन्ही बाजूंना चाकांच्या कमानी वर आलेल्या असतात आणि पेटी त्यांच्यामध्ये बसवायची होती. त्यामुळे आत दोन्ही भिंतींना लागून फळीसारखा कट्टा तयार होतो. लष्करात त्यावर यंत्रांच्या मांडण्या होत्या. कॅम्परमध्ये तोच कट्टा बसायला बाक होतो, आणि मधल्या जागेवर फळ्या टाकल्या की रात्रीचा पलंग. ही सोय कुणीही माणसाच्या आरामासाठी केलेली नव्हती. ती पिकअपच्या चाकांनी करून दिली.

एस-२५० साठी लष्कराने खास गाड्याही ठेवल्या. १९८० च्या दशकातल्या शेव्हरोलेच्या लष्करी पिकअपमधला एम१०२८ हा शेल्टर वाहणारा प्रकार. त्यानंतर हमव्ही या रुंद लष्करी गाडीमधला एम१०३७, ज्याच्या अधिकृत नावातच एस-२५० चा उल्लेख आहे. १९८५ मध्ये अमेरिकी लष्कराने मोबाइल सबस्क्रायबर इक्विपमेंट या रणांगणावरच्या टेलिफोन व्यवस्थेचं कंत्राट दिलं. आपल्या खिशात मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी सैनिकांसाठी फिरतं टेलिफोन जाळं उभं करण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्याची स्विचं व रेडिओ अशाच शेल्टरांत बसून हमव्हीच्या पाठीवरून हिंडत. २००४ पासून उपग्रहावर आधारित नव्या व्यवस्थेने तिची जागा घ्यायला सुरुवात केली. यंत्रं निकामी ठरली, पेट्या रिकाम्या झाल्या.

रिकाम्या पेट्यांची वाट मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावातून जाते. लष्कराचा नको असलेला माल निकाली काढणाऱ्या खात्याचं मुख्यालय १९७२ पासून तिथे आहे; २०१० पासून त्याचं नाव डीएलए डिस्पोझिशन सर्व्हिसेस. आधी दुसऱ्या सरकारी खात्याला हवं का ते विचारायचं, मग राज्यांना आणि संस्थांना, आणि कुणालाच नको असेल तर लिलाव, असा क्रम. गुप्त किंवा घातक सामान काढून घेतलं किंवा तोडलं जातं. २००१ नंतर लिलाव इंटरनेटवर आले, त्यामुळे आपल्या शेतावर बसलेला माणूसही तळावरच्या शेल्टरवर बोली लावू लागला. ट्रेलर घेतला असेल तर त्याच्या कागदांसाठी स्टँडर्ड फॉर्म ९७ लागतो. त्याच्याशिवाय राज्याकडे वाहनाची नोंदणी करणं अवघड. शेल्टरला मात्र वाहन म्हणून कागदच नसतात, कारण ते वाहन नव्हेच. पेटी आणि गाडी वेगळी ठेवण्याचा तो जुना निर्णय इथे पुन्हा उपयोगी पडतो.

ट्रेलरची कुळकथा वेगळी आहे. जीपमागे जोडायचा पाव टनी ट्रेलर अमेरिकन बँटम कंपनीने १९४१ नंतर बनवला. त्याची चाकं जीपचीच होती, म्हणजे ट्रेलरचं चाक फुटलं तर जीपचं जादा चाक चालायचं. पुढे कोरियन युद्धाच्या काळात आलेल्या पाऊण टनी एम१०१ मध्येही हेच तत्त्व होतं. त्याला ओढणाऱ्या डॉज एम३७ ट्रकचे आणि त्याचे टायर एकाच मापाचे. दुर्गम रस्त्यावर जाणारे कॅम्परवाले आजही गाडीला आणि ट्रेलरला एकसारखी चाकं लावतात. हमव्हीच्या काळात एम११०१ आणि एम११०२ हे ट्रेलर आले. पोर्टलंडच्या सिल्व्हर ईगल कंपनीने बनवलेले, रुंद बैठकीचे, ॲल्युमिनियमच्या हौद्याचे. शेल्टर बसवायला हे मला सगळ्यांत योग्य वाटतात, कारण ते हलके आहेत आणि ओढणारी गाडी थांबली की ट्रेलरचा स्वतःचा भार ब्रेक दाबतो.

लष्करी ट्रेलरच्या टोकाला लोखंडी कडी असते आणि गाडीला जबड्यासारखा हुक. ट्रेलर खड्ड्यात कितीही कलला तरी कडी हुकात फिरते, मोडत नाही. रानात यासारखी जोडणी नाही. हमरस्त्यावर मात्र तीच कडी हुकात सतत खणखणत राहते, म्हणून बरेच जण ती काढून नागरी पद्धतीची गोळ्याची जोडणी बसवतात. दिव्यांचं तसंच. लष्करी वीज २४ व्होल्टची आणि बारा पिनांच्या प्लगची, घरच्या गाडीची १२ व्होल्टची. दिवे, वायरी, प्लग सगळं बदलावं लागतं. नवखा माणूस हे काम शेवटी ठेवतो आणि पहिल्या अंधाऱ्या रात्री अडकतो. हे काम आधी करावं.

युरोपातही हा प्रवास झाला, तो एका देशाच्या अस्तामुळे. पूर्व जर्मनीचं सैन्य आयएफए डब्ल्यू५० आणि रोबुर या ट्रकांवर उतरवता येणाऱ्या हलक्या पेट्या वापरायचं. त्यांना एलएके म्हणतात. ऑक्टोबर १९९० मध्ये जर्मनी एक झाला, ते सैन्य विसर्जित झालं, आणि त्याचा माल विक्रीला निघाला. सरकारी माल विकणारी व्हेबेग ही फ्रँकफर्टची कंपनी १९५१ पासून या धंद्यात होतीच. त्या पेट्या आज जुन्या ट्रकांवर बसून सहारापर्यंत जातात.

आपल्याकडे कॅम्परची ही परंपरा रुजली नाही, पण सैन्याने टाकलेल्या निवाऱ्याचं घर होणं महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर आणि फार दुःखातून पाहिलं आहे. कल्याणजवळची महायुद्धातली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना देण्यात आली. सुमारे १ लाख माणसं तिथल्या बराकींत राहिली. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि अजूनही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. हौसेने केलेल्या कॅम्परशी त्याची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. सैनिकासाठी बांधलेल्या भिंतींत कुटुंब कसं नांदतं याची आठवण मात्र आपल्याला आहे. आज भारतात कुणाला अशी पेटी गाडीवर बसवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि कॅराव्हॅनसाठीचं एआयएस-१२४ मानक आधी वाचावं. गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करता येत नाही.

पेटी विकत घेताना जाणकार तिच्या भिंतींवर बोटांनी किंवा लाकडी दांड्याने ठोकत फिरतात, बाजारात मडकं ठोकून घ्यावं तसं. पत्रा आणि फोम घट्ट चिकटलेले असतील तर आवाज टणक येतो. रिव्हेटमधून किंवा छपरावरच्या भोकातून पाणी मुरलं असेल तर पत्रा सुटलेला असतो आणि आवाज पोकळ येतो. ही भिंत तिच्या थरांच्या चिकटण्यावरच उभी असते. ते सुटलं की ताकद गेली. जुन्या रंगात आणि त्याखालच्या अस्तरात क्रोमेट हे विषारी रसायन असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नये, तोंडावर योग्य मास्क असावा. फोममुळे उष्णता अडते, पण भिंतीतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आतल्या पत्र्यापासून बाहेरच्यापर्यंत सलग असतात. थंडीच्या रात्री नेमकं त्या पट्ट्यांवर, सरळ रेषांत, दव धरतं. यंत्रं चालू असताना त्यांच्याच उष्णतेने खोली तापलेली असायची. तिथे आता दोन माणसं श्वास सोडत झोपतात. म्हणून आतून आणखी एक अस्तर लागतं आणि झरोके उघडे ठेवावे लागतात.

दाराच्या कडेला धातूच्या जाळीची पट्टी असते. बाहेरच्या रेडिओ लहरी आत येऊ नयेत आणि आतल्या गुप्त यंत्रांच्या लहरी बाहेर जाऊ नयेत, यासाठी सगळी पेटी धातूने अखंड बंद केलेली. दार लावलं की मोबाइलची रेंज जाते ती याच कारणाने. शेवटी प्रत्येक जण भिंतीला करवत लावतो. कापलेल्या कडेला फोम उघडा पडतो, तिथे चौकट बसवून पाण्याला वाट राहणार नाही असं भरून घ्यावं लागतं. काच बसते, आत उजेड येतो, आणि फोनवर रेंजच्या दांड्या दिसू लागतात.