पेटीतलं बाळ आणि दुधाचं नातं

बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ काचेच्या उबदार पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) असतं, आईला पुरेसं दूध उतरलेलं नसतं आणि डॉक्टर दूधपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध सुचवतात. तेव्हा अनेक मुस्लिम घरांतून आधी येणारा प्रश्न असतो, ‘दूध कुणाचं?’ ही शंका स्वच्छतेची नसते, नात्याची असते.

कुराणात, सूरह निसाच्या २३व्या आयतीत, जिने पाजलं ती आई आणि दूधबहिणी लग्नाला वर्ज्य आहेत. एका बाईचं दूध प्यायलेली मुलं ‘दूधशरीक’ भावंडं होतात. किती दुधाने नातं जुळतं यावर मात्र मतभेद आहेत. हनफी आणि शाफई हे सुन्नी धर्मशास्त्राचे दोन पंथ; हनफींमध्ये एक घोटही पुरतो, शाफईंमध्ये पाच वेगवेगळ्या वेळा पाजावं लागतं. कोकणी मुसलमान शाफई, राज्यातले इतर बहुतेक सुन्नी हनफी. म्हणजे शेजारशेजारच्या खाटांवर उत्तर वेगळं असू शकतं.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दूधपेढी उभी केली. पेढीत सहसा अनेक आयांचं दूध एकत्र करतात, ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवतात आणि उणे २० अंशांवर गोठवतात. घोडं अडतं ते एकत्र करण्यापाशी: दूधआई कोण, हे मग कधीच सांगता येत नाही.

इस्लामी धर्मपंडित युसूफ अल-करजावी यांनी १९८३ मध्ये पेढीला मान्यता दिली; थेट अंगावर पाजलेलं नाही आणि आई अज्ञात, म्हणून नातं जुळत नाही, असा त्यांचा आधार. १९८५ मध्ये जेद्दाच्या फिक्ह अकादमीने (इस्लामी धर्मशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने) नेमकी उलट भूमिका घेतली. सिंगापूरने २०१७ मध्ये धर्मसंस्थेचा फतवा आधी घेऊनच पेढी सुरू केली. कराचीत पेढीला सशर्त धार्मिक परवानगी मिळाली होती, तरी जून २०२४ मध्ये काम थांबलं.

म्हणून रुग्णालयाने घरच्यांना विचारायचं ते प्रसूतीसाठी दाखल होतानाच; रात्री दोन वाजता, बाळाचा श्वास अडखळत असताना नव्हे. बाळंतिणीला पहिल्या सहा तासांत हाताने चीक काढायला शिकवावं, पुढे दिवसातून आठ-दहा वेळा. एक किलोच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी दोन-तीन मिलीच लागतात. तेवढं आईचंच निघालं तर पेढीची वेळ येत नाही. तरीही लागलंच, तर एकाच दात्या आईचं, न मिसळलेलं दूध द्यावं. दोन्ही घरांच्या संमतीने नावं कळवावीत आणि बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर तारखेसह लिहावं, ‘किती वेळा पाजलं’ हेसुद्धा. शाफई घराला तोच आकडा लागतो.