सोलर पॅनेलवरचे पाणी आणि टेल्युरियम

‘सोलर पॅनेलमध्ये कॅडमियम आणि टेल्युरियम असते, त्यावरून ओघळलेले पाणी केळीच्या बागेत जाऊ देऊ नका,’ असा संदेश खानदेशात अधूनमधून फिरतो. ही भीती अगदीच हवेतली नाही. कॅडमियम हा धातू विषारी आहे, आणि टेल्युरियम हे मूलद्रव्य शरीरात गेले तर श्वासाला लसणासारखा वास येतो.

मात्र आपल्या छतांवरची आणि विहिरींवरच्या पंपांची बहुतेक पॅनेल सिलिकॉनची असतात. त्यांतला वीज तयार करणारा थर टेल्युरियमचा नसतोच. ज्या पॅनेलमध्ये कॅडमियम टेल्युराइड, म्हणजे या दोघांचे संयुग, वापरतात, त्यांत ते केसापेक्षाही पातळ थराच्या रूपात सहसा दोन काचांमध्ये बंद असते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि 1,000 अंश सेल्सिअसच्याही वर वितळते, त्यामुळे भुसावळचे 45 अंशांचे ऊन त्याच्या खिजगणतीतही नसते.

पडताळणी सोपी आहे. चौकोनी घरे आणि चंदेरी रेषा दिसल्या तर पॅनेल सिलिकॉनचे. सलग काळसर काच असेल तर मागचे लेबल वाचावे किंवा विक्रेत्याला प्रकार विचारावा. फुटलेले पॅनेल, मग ते कोणतेही असो, बांधावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावे, कारण सिलिकॉनच्या पॅनेलच्या जोडणीतही बहुधा शिसे असते.