जंप रेसिंगच्या दिवसाचा प्रिव्ह्यू

जंप रेसिंगच्या दिवसाचा प्रिव्ह्यू म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावणाऱ्या घोड्यांच्या रेसेसचं अख्खं कार्ड आदल्या दिवशी समोर घेऊन बसायचं, एकेक रेस वाचायची आणि कोण जिंकू शकेल, कशामुळे जिंकू शकेल आणि पैसे लावायला मिळतोय तो भाव घेण्यासारखा आहे का हे ठरवायचं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये हे काम पेपरातले टिपस्टर करतात, टीव्हीवाले करतात आणि पबमध्ये बसलेली साधी माणसंही तितक्याच गंभीरपणे करतात. मार्चमधल्या चेल्टनहॅम फेस्टिव्हलच्या, म्हणजे चार दिवसांच्या जंप रेसिंगच्या मेळ्याच्या, आधी तर गावोगावी प्रिव्ह्यू नाइट भरतात, ट्रेनर, जॉकी, बुकी स्टेजवर बसून चारही दिवसांच्या रेसेसवर बोलतात आणि लोक तिकीट काढून ऐकायला जातात.

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेस बघणाऱ्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, पण काही गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. आपल्याकडे आज होतात त्या सपाट रेस. इंडियन डर्बी २४०० मीटरची, तर जंप रेसिंगमधली छोट्यातली छोटी रेससुद्धा साधारण २ मैलांची म्हणजे ३२०० मीटरची, आणि लांब रेस ४ मैलांच्या पुढे जाते, लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) या रेसकोर्सवरची ग्रँड नॅशनल तर ४ मैल आणि वर अडीच फर्लांग, ३० उड्या. स्टार्टिंग गेट नसतं, समोर ताणलेली टेप उडाली की घोडे सुटतात, त्यामुळे कुणाला आतला ड्रॉ (सुटण्याची जागा) मिळाला आणि कुणाला बाहेरचा हा प्रश्नच नाही. वजनही जास्त, हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात त्या रेसमध्ये, वरच्या घोड्यावर १२ स्टोन म्हणजे जवळपास ७६ किलो असू शकतं. आणि सगळ्यात मोठा फरक हा की इथे घोडा पडू शकतो, प्रिव्ह्यूचं सगळं गणित त्या एका गोष्टीभोवती फिरतं.

या खेळाची सुरुवात सांगताना आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातली १७५२ ची शर्यत सांगतात, बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत दोन गड्यांनी घोडे पळवले, मध्ये येतील ती कुंपणं आणि चर ओलांडत. आज अडथळे दोन प्रकारचे. हर्डल म्हणजे कमी उंचीचा, साधारण साडेतीन फुटी, धक्का लागला तर वाकणारा, त्यामुळे घोडा वेग न मोडता जातो. फेन्स किमान साडेचार फुटी, गच्च बांधलेली (फेन्सच्या रेसला चेस म्हणतात), तिला घोडा नीट मोजून उडाला नाही तर माफी नाही. हर्डलवरचा राजा फेन्सवर गेल्यावर साधा ठरू शकतो आणि उलटही होतं, म्हणून फेन्सवर पहिल्याच सीझनला आलेल्या घोड्यांच्या, म्हणजे नॉव्हिस चेसच्या रेसमध्ये हर्डलचा फॉर्म जसाच्या तसा धरायचा नसतो.

प्रिव्ह्यूला बसल्यावर पहिलं काय बघायचं यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत, पण माझ्या मते पहिलं मैदान. ज्याला तिकडे गोइंग म्हणतात ते, म्हणजे जमीन किती ओली किती कडक. हेवी, सॉफ्ट, गुड टू सॉफ्ट, गुड, गुड टू फर्म अशी उतरंड आहे, आयर्लंडमध्ये मधल्या पायरीला यील्डिंग म्हणतात. रेसकोर्सचा क्लार्क ऑफ द कोर्स सकाळी मैदान फिरून, गोइंगस्टिक नावाचं यंत्र जमिनीत खुपसून हे जाहीर करतो. तीन मैल चिखलातून पाय उपसत जाणं हा एक खेळ आहे आणि कोरड्या हिरवळीवर भरधाव जाणं हा दुसराच, काही घोडे हेवीवर सिंहासारखे धावतात आणि गुडवर त्यांना बाकीच्यांचा वेगच झेपत नाही. आदल्या रात्री पंधरा मिलिमीटर पाऊस पडला तर संध्याकाळी लिहिलेला प्रिव्ह्यू सकाळी निम्मा रद्द होतो, आणि जाणकार माणूस तो खरंच रद्द करतो, लिहिलंय म्हणून धरून बसत नाही.

मग रेसकोर्स. चेल्टनहॅम डावीकडे वळणारं, चढउताराचं आणि शेवटी दमवणारा चढ असलेलं. लंडनजवळचं केम्प्टन उजवीकडे वळणारं आणि सपाट, जिथे बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, किंग जॉर्ज सिक्स्थ चेस होते. काही घोडे उडी मारताना एका बाजूला सरकतात, उजवीकडे सरकणारा घोडा डावीकडे वळणाऱ्या कोर्सवर प्रत्येक फेन्सला थोडं थोडं अंतर घालवतो आणि वीस फेन्सनंतर ते थोडं थोडं खूप होतं. चेल्टनहॅममध्येही एकाच कुंपणात दोन ट्रॅक आहेत, फेस्टिव्हलच्या मंगळवार-बुधवारी ओल्ड कोर्स आणि गुरुवार-शुक्रवारी न्यू कोर्स, न्यू कोर्सवर स्टॅमिना जास्त लागतो. कार्डात घोड्याच्या नावापुढे सी असेल तर तो त्या कोर्सवर जिंकलाय, डी असेल तर त्या अंतरावर, दोन्ही एकदम असेल तर एकाच रेसमध्ये दोन्ही जमलंय. चेल्टनहॅमच्या बाबतीत त्या सी ला मी खूप मान देतो.

आता फॉर्मचे आकडे. समजा एखाद्या नावाशेजारी २१-एफ३पी१ असं छापलंय. डावीकडचं जुनं, उजवीकडचं ताजं, मधली रेघ म्हणजे सीझन बदलला. म्हणजे मागच्या सीझनच्या शेवटी हा दुसरा आला, मग जिंकला, यंदा पहिल्याच रेसला पडला, मग तिसरा, मग पी म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला, आणि शेवटची रेस जिंकला. यू असेल तर जॉकी खाली पण घोडा उभा, बी म्हणजे दुसरा पडला त्यात हाही आडवा झाला, आर म्हणजे घोड्याने उडी नाकारली. बी मध्ये घोड्याचा काही दोष नसतो, एफ मध्ये बघावं लागतं की दमल्यावर शेवटच्या फेन्सला पडला का पहिल्या फेरीतच चुकला, आणि पी तर प्रत्येक वेळी वेगळी गोष्ट सांगतो, श्वास अडला, मैदान झेपलं नाही, पाय दुखावला, काहीही. म्हणून नुसते आकडे वाचून भागत नाही, जुन्या रेसचा व्हिडिओ बघायचा. श्वासाचं ऑपरेशन झालं असेल तर ब्रिटनमध्ये २०१८ पासून ते कार्डात जाहीर करावं लागतं, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या रेसला सुधारलेला घोडा हा प्रिव्ह्यूवाल्यांचा आवडता शोध.

हँडिकॅप रेस हा प्रिव्ह्यूचा सगळ्यात किचकट भाग. अधिकृत हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला रेटिंग देतो आणि रेटिंगच्या एका पॉइंटला एक पौंड वजन, हेतू हा की सगळे एका रेषेत यावेत. तेव्हा इथे सगळ्यात चांगला घोडा शोधायचाच नसतो, रेटिंगपेक्षा चांगला असलेला घोडा शोधायचा असतो, नुकताच लांब अंतरावर आलेला, आवडीचं मैदान पहिल्यांदाच मिळणारा, किंवा ज्याचं रेटिंग चार-पाच खराब रेसनंतर खाली आलंय आणि आता जुन्या जिंकलेल्या पातळीवर आहे असा. वीस-बावीस घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये एकच नाव छातीठोकपणे सांगणाऱ्या टिपस्टरवर माझा विश्वास बसत नाही.

ट्रेनर आणि जॉकीलाही मोठं महत्त्व. आयर्लंडच्या कार्लो परगण्यातले विली मलिन्स २०२२ च्या फेस्टिव्हलला एकटे १० रेस जिंकले आणि २०२४ मध्ये त्यांनी फेस्टिव्हलच्या १०० विजयांचा टप्पा गाठला. त्यांचे एकाच रेसमध्ये चार-पाच घोडे असतात, तेव्हा त्यांचा पहिला जॉकी पॉल टाउनेंड त्यातल्या कुठल्या घोड्यावर बसला ही सगळ्यांच्या आधी शोधली जाणारी बातमी. पण तीही पुरेशी नाही. २०२५ च्या ट्रायम्फ हर्डलमध्ये मलिन्स यांचाच पोनिरोस १००/१ भावाने, म्हणजे एकाला शंभर देणाऱ्या भावाने, जिंकला, त्याआधी तो हर्डलवर एकदाही धावला नव्हता.

एक दिवस जवळून बघायचा तर चेल्टनहॅमचा मंगळवार, ११ मार्च २०२५. सात रेस. सुरुवात सुप्रीम नॉव्हिसेस हर्डलने, ज्यात टेप उडताना स्टँडमधून उठणारी आरोळी प्रसिद्ध आहे, मग आर्कल, अल्टिमा हँडिकॅप, मेअर्स हर्डल आणि दुपारी चार वाजता चॅम्पियन हर्डल, २ मैल आणि आठ हर्डल. तिथे २०२३ चा विजेता कॉन्स्टिट्यूशन हिल होता, तोवर एकही रेस न हरलेला, भाव समसमानच्याही, म्हणजे एकाला एकच्याही, खाली. २०२४ चा विजेता स्टेट मॅन होता. प्रिव्ह्यूंमध्ये बहुतेक चर्चा या दोघांची आणि ब्रायटरडेजअहेड या घोडीची. कॉन्स्टिट्यूशन हिल पाचव्या हर्डलला पडला. स्टेट मॅन पुढे निघाला, जिंकलाच असं वाटत असताना शेवटच्या हर्डलला तोही पडला. जिंकली गोल्डन एस, २५/१. आता मागे वळून कार्ड वाचलं तर ती तेवढी हलकी नव्हती, वर्षभर आधी याच चेल्टनहॅमला मेअर्स नॉव्हिसेस हर्डलमध्ये तिने ब्रायटरडेजअहेडलाच हरवलं होतं आणि घोडी म्हणून तिला ७ पौंडांची सूट होती. ती चॅम्पियन ठरेल असं लिहिणं अवघडच होतं, पण कोर्सवर जिंकलेली, सरळ उड्या मारणारी घोडी २५/१ ला मिळतेय एवढं तरी प्रिव्ह्यूने सांगायला हवं होतं. कॉन्स्टिट्यूशन हिल पुढच्याच महिन्यात एन्ट्रीच्या रेसकोर्सवरही पडला, म्हणजे त्याच्या नावापुढचा पहिला एफ नुसता अपघात म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता.

२०१५ चा मंगळवारही असाच. मलिन्स यांचे डुवान, अन दे सो आणि फॉगहीन तिन्ही फेवरेट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचे घोडे, जिंकले, हजारो लोकांनी चारही नावं एकत्र जोडून पैसे लावलेले, चौथी अ‍ॅनी पॉवर मेअर्स हर्डलमध्ये पुढे असताना शेवटच्या हर्डलला पडली आणि बुकींचे कोट्यवधी पौंड वाचले.

यातूनच भावाचा मुद्दा येतो. ४/१ भाव म्हणजे बाजार म्हणतोय की हा पाचात एकदा जिंकेल, २० टक्के. तुमच्या अंदाजाने तो चारात एकदा जिंकत असेल तर भाव चांगला, सहात एकदा जिंकत असेल तर घोडा कितीही आवडो, सोडा. सगळ्या घोड्यांचे टक्के मिळवले की बेरीज १०० च्या वर जाते, तो वरचा भाग बुकीचा. फेवरेट साधारण तीनातल्या एका रेसला जिंकतो, तेव्हा सातही रेसमध्ये फेवरेट लिहून दिले तर तो प्रिव्ह्यू म्हणता येणार नाही, ती बाजाराची नक्कल झाली. पेपरात टिपस्टर दिवसातल्या सगळ्यात खात्रीच्या घोड्याला नॅप म्हणतात आणि दुसऱ्याला नेक्स्ट बेस्ट. बाकीच्या रेसवर त्यांना काहीतरी लिहावंच लागतं, जागा भरायची असते, पण वाचणाऱ्याला तशी सक्ती नाही, सातातल्या तीन रेस सोडून देणारा माणूस माझ्या हिशेबाने चांगला प्रिव्ह्यू करतो.

मोठ्या भावाच्या घोड्यासाठी ईच-वे चालतं, अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे वरच्या काही जागांमध्ये येण्यावर. साधारण नियम असा की पाच ते सात घोडे असतील तर पहिल्या दोन जागा, आठ किंवा जास्त असतील तर तीन, आणि १६ किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये चार. त्यामुळे आठातला एक घोडा सकाळी काढून घेतला की तिसरी जागाच जाते, म्हणून आकडा पुन्हा मोजायचा. फेवरेट काढला गेला तर बाकीच्यांवरच्या पैशातून कपात होते. महिनोन्‌महिने आधी अँटी-पोस्ट भाव घेतला आणि घोडा धावलाच नाही तर पैसे गेले, नॉन-रनर नो बेट अशी अट असेल तरच परत मिळतात. कमी उंचीच्या सूर्यामुळे जॉकीला दिसत नसेल तर काही अडथळे वगळलेही जातात, आणि मग उड्यांवर कमावणाऱ्या घोड्याचा फायदा तिथेच कमी होतो.

भारतातून बघणाऱ्यांना वेळ सोयीची पडते, मार्चमध्ये तिकडे घड्याळ अजून पुढे गेलेलं नसतं, त्यामुळे दुपारी १.२० ची पहिली रेस आपल्याकडे संध्याकाळी ६.५० ला. सकाळचा गोइंगचा रिपोर्ट आणि काढलेल्या घोड्यांची यादी आपल्या दुपारपर्यंत आलेली असते, तोवर पक्कं काही ठरवू नये.