पाइप ऑर्गनचा जुना ब्लोअर: मोडीत काढण्यापूर्वी

संगीत नाटकांमुळे मराठी श्रोत्यांच्या परिचयाचा झालेला ऑर्गन वादक स्वतःच पायाने भाता चालवून वाजवतो; चर्चमधील मोठ्या पाइप ऑर्गनला मात्र इतकी हवा लागते की ती पुरवण्यासाठी पूर्वी वेगळी माणसे ठेवावी लागत. जर्मनीतील हाल्बरश्टाटच्या चौदाव्या शतकातील ऑर्गनचे २० भाते १० माणसे चालवीत, अशी नोंद प्रेटोरियस या संगीतज्ञाने केली आहे. पुढे हे काम विजेच्या मोटरकडे गेले. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे आयरा स्पेन्सर यांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे 'ऑर्गोब्लो' हे ब्लोअर, म्हणजे ऑर्गनला हवा पुरवणारे विजेवरचे यंत्र, अनेक चर्चच्या तळघरांत बसवले गेले.

ऑर्गोब्लोच्या पोलादी नळकांड्यात एकाच शाफ्टवर ओळीने पंखे असतात आणि एका पंख्याने बाहेर फेकलेली हवा पुढच्या पंख्याच्या मध्यभागी पोचत असल्यामुळे दाब टप्प्याटप्प्याने वाढतो. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीने मोजतात. चर्चच्या ऑर्गनला बहुधा ७५ ते १०० मिलिमीटर पुरतात, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम एक टक्का. पण तो डळमळला की पाइपचा स्वरही डळमळतो. पंखे मोठे आणि मंदगती असल्याने आवाज कमी होतो व झीजही हळू होते, म्हणूनच असे यंत्र भंगारात देणे मला अक्षम्य वाटते.

तळघरातून बाहेर काढलेल्या ब्लोअरला लगेच वीज जोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मोटरच्या वाइंडिंगवरील (आतल्या तारांच्या वेटोळ्यांवरील) सुती आवरण वर्षानुवर्षे ओल शोषून घेते; त्यामुळे आधी मेगर या विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचे वीजरोधक आवरण, तपासून, गरज असल्यास मंद उष्णतेने वाइंडिंग सुकवावे लागते. कथलाच्या मिश्रधातूचे बेअरिंग बहुतेक वेळा शाबूत असते, परंतु त्यातले तेल चिकट होऊन बसलेले असते, आणि ते धुऊन नवे तेल न भरता शाफ्ट फिरवला तर मऊ धातू ओरखडला जातो. जुन्या तारांच्या वेष्टनात आणि हवानळीच्या कापडी जोडात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा तो भाग तज्ज्ञाकडेच सोपवावा. पंखे उतरवताना प्रत्येकाची जागा खुणेने नोंदवावी. गंजून पातळ झालेले एक पाते संपूर्ण शाफ्टचा तोल बिघडवते.

थ्री-फेज (तीन तारांतून वीज घेणाऱ्या) मोटरच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर ब्लोअर उलटा फिरतो, तरीही हवा नेहमीच्याच तोंडातून बाहेर येते, फक्त दाब कमी मिळतो. मग दोष भलतीकडेच शोधला जातो. फिरण्याच्या वेगाचाही विचार हवा. अमेरिकेतील वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे आणि तिथला ब्लोअर ५० हर्ट्झवर चालवला तर वेग पाच-षष्ठांश होतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो सुमारे ७० टक्क्यांवर येतो. वेग बदलणारे आधुनिक इलेक्ट्रॉनिक उपकरण जोडून हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण त्याच्या व्होल्टेजचे तीव्र झटके जुन्या इन्सुलेशनला सोसत नाहीत.

दुरुस्त झालेला ब्लोअर कोठून हवा घेतो, हेही पाहावे लागते. हवा गार असेल तर तीत ध्वनीचा वेग कमी होतो आणि पाइपचा स्वर उतरतो. म्हणून हवा घेण्याचे तोंड शक्यतो तळघरात न ठेवता पाइप असलेल्या सभागृहाच्याच हवेशी जोडतात.