गाडीचा वेग शेपटीत असतो

लहान मुलाला वेगवान गाडीचं चित्र काढायला सांगा. पुढचं नाक ते बाणासारखं टोकदार काढेल आणि मागे एक उभी रेघ मारून मोकळं होईल. मोठेपणीही आपली समजूत फारशी बदलत नाही. गाडीच्या वायुगतिकीचा विषय निघाला की मला विचारले जाणारे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. नाक किती टोकदार हवं? आणि मागची सीट, गालिचे, स्पीकर काढून गाडी हलकी केली तर टॉप स्पीड किती वाढेल? पहिल्याचं उत्तर ‘गोलसर असलं तरी चालेल’ आणि दुसऱ्याचं ‘जवळजवळ काहीच नाही’. दोन्ही उत्तरं पटत नाहीत, म्हणून हा लेख.

आधी हवा किती अडवते ते पाहू. समोरून पाहिलं तर दोन चौरस मीटर जागा व्यापणारी, ०.३५ रोध गुणांकाची एक स्पोर्ट्स कार घेऊ. (आकार हवेला किती अडतो ते सांगणारा हा आकडा; जितका लहान तितका बरा.) ताशी ३०० किलोमीटरला ही गाडी दर सेकंदाला सुमारे २०० किलो हवा बाजूला सारते. ताशी १०० ला हवेचा रोध ३३ किलो वजनाइतका असतो, २०० ला १३२ किलो आणि ३०० ला जवळपास ३०० किलो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण इंजिनाला नुसतं बल देऊन भागत नाही, ते बल त्या वेगाने रेटावं लागतं. त्यामुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे दुप्पट वेगाला आठपट. आपल्या गाडीला केवळ हवेशी झुंजायला १०० ला १२ अश्वशक्ती पुरते, ३०० ला ३३० लागते आणि ४०० ला ७८० च्या वर.

हा घनाचा नियम किती निष्ठुर आहे ते बुगाटी वेरॉनच्या आकड्यांत दिसतं. २००५ च्या वेरॉनला १००१ अश्वशक्ती होती आणि कमाल वेग ताशी ४०७ किलोमीटर. २०१० च्या सुपर स्पोर्ट आवृत्तीने ४३१ गाठला. ४३१ भागिले ४०७ याचा घन करून १००१ ने गुणा, उत्तर येतं ११८९. त्या इंजिनाची शक्ती होती १२००. जेमतेम २४ किलोमीटरसाठी २०० अश्वशक्ती, म्हणजे एका बऱ्यापैकी स्पोर्ट्स कारचं अख्खं इंजिन! मी हा गुणाकार पहिल्यांदा केला तेव्हा कागद पुन्हा तपासून पाहिला होता.

आता वजनाकडे येऊ. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने धावणाऱ्या गाडीत वजनाचा त्रास एकाच ठिकाणी होतो: टायर दबतो, उलगडतो आणि त्यात ऊर्जा खातो. हा रोध वजनाच्या साधारण सव्वा टक्का असतो, वेगाबरोबर थोडा वाढतो. १४०० किलोच्या गाडीतून २०० किलो काढले तर रोध अडीच किलोने कमी होईल, वेगाबरोबर वाढलेला टायर-रोध धरला तर पाच किलोने. समोर हवेचे ३०० किलो उभे आहेत. कमाल वेगात फरक पडेल तो एखाद्या किलोमीटरचा. त्याऐवजी हवेचा रोध दहा टक्क्यांनी कमी केला, तर तेच इंजिन तीच गाडी सुमारे दहा किलोमीटर पुढे नेतं.

मॅकलॅरेन एफ१ या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीने १९९८ मध्ये ६२७ अश्वशक्तीवर ताशी ३८६ किलोमीटर वेग नोंदवला. वेरॉनच्या ४०७ साठी घनाच्या नियमाने ७३५ पुरायला हवी होती, लागली १००१. ‘वेरॉन साडेसातशे किलोने जड आहे ना!’ असं कोणी म्हणेल. पण त्या जास्तीच्या वजनाचा टायर-रोध अगदी तिप्पट धरला तरी चाळीसेक अश्वशक्तीच होते. बाकीचा बहुतेक फरक हवेने खाल्ला: रुंद अंग, गार राहण्यासाठी जास्त हवा गिळणारी तोंडं आणि जास्त रोध गुणांक.

मग लोक गाड्या हलक्या का करतात? कारण वेग गाठणं, थांबणं आणि वळणं ही तिन्ही कामं वजनावर चालतात. तेच २०० किलो काढल्यावर त्याच जोराला त्वरण सहाव्या हिश्श्याने वाढतं. ३०० च्या वेगात गाडीची गतिज ऊर्जा ४९ लाख ज्यूलवरून ४२ लाखांवर येते आणि ब्रेकना तेवढी कमी उष्णता पचवावी लागते. सरळ रस्ता आखूड असेल तर हलकी गाडी आपल्या कमाल वेगाच्या जास्त जवळ जाते. पोर्शच्या १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएसची हलकी आवृत्ती ९६० किलोची होती: पातळ पत्रा, पातळ काचा, मागची सीट नाही, घड्याळ नाही, बोनेटवर धातूच्या चिन्हाऐवजी स्टिकर. त्याच कंपनीच्या ९१७ या रेसिंग गाडीत गिअरच्या दांड्याची मूठ बाल्सा लाकडाची होती. हातात घेतल्यावर वजन जाणवतही नाही असं ते लाकूड. ग्रॅम-ग्रॅम खरवडणाऱ्या या माणसांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण ते ग्रॅम कमाल वेगासाठी नसतात.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. हॅचबॅक गाडीच्या मागच्या काचेला बहुधा वायपर असतो, लांब डिकीच्या सेडानला बहुधा नसतो. कधी विचार केलात, का ते? कच्च्या रस्त्यावरून हॅचबॅक आली की मागची काच धुळीने माखते. धूळ उडते चाकांखालून, मागे. मग ती वळून पुढे, काचेवर कशी येते? कारण उभ्या पाठीमागे हवा सरळ वाहत नाही. तिथे कमी दाबाची एक पोकळीसारखी जागा तयार होते, तिच्यात हवा उलटी फिरते आणि धुळीला परत गाडीकडे आणते. काचेवरची धूळ म्हणजे रोधाचा नकाशाच. समोर जास्त दाब मागे ढकलतो, पाठीशी कमी दाब मागे ओढतो, आणि साधारण गाडीचा बराचसा रोध या पाठीमागच्या ओढीचा असतो.

१७५२ साली फ्रेंच गणितज्ञ द’अलांबेर यांनी गणिताने एक विचित्र निष्कर्ष काढला. चिकटपणा अजिबात नसलेल्या द्रवातून वस्तू स्थिर वेगाने गेली तर तिला रोध शून्य! द्रव तिला समोरून जितका मागे रेटतो, तितकाच पाठीकडून पुढे रेटतो. अनुभवाच्या हे पूर्ण विरुद्ध होतं आणि दीडशे वर्षं याची नीट उकल झाली नाही. ती केली लुडविग प्रांड्टल यांनी, १९०४ मध्ये. हवेचा चिकटपणा नगण्य असला तरी पृष्ठभागाला लागून एक पातळ थर असतो, तिथे तो नगण्य नसतो. हा सीमास्तर. पत्र्याला चिकटलेली हवा गाडीबरोबरच धावते, थोडं दूर गेलं की हवेला पत्र्याच्या घर्षणाची खबरही नसते, आणि या दोहोंमधल्या काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर जाडीत सगळं नाट्य घडतं.

सायकलवर दरीत उतरणाऱ्या दोघांची कल्पना करा. उतारावर दोघांचाही वेग वाढतो. समोरचा चढ तितकाच उंच आहे. ज्याने ब्रेक लावला नाही तो मिळवलेल्या वेगावर चढ चढून जाईल. जो उतरताना ब्रेक घासत आला तो अर्ध्यातच थांबेल आणि मागे घरंगळेल. गाडीच्या छतावर हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी असतो, ती दरी. छत संपून काच खाली उतरू लागली की हवेने मंद व्हायचं असतं, दाब पुन्हा वाढायचा असतो, तो चढ. वरच्या थरातली हवा हा चढ चढते. पत्र्याला घासत आलेल्या सीमास्तरातल्या हवेकडे मात्र तेवढा जोर उरलेला नसतो. चढ फार तीव्र असेल तर ती थांबते, उलटी वळते आणि मागून येणारा सगळा प्रवाह पत्र्यापासून उचलून देते. यालाच प्रवाह सुटणं म्हणतात. सुटलेल्या जागी दाब परत वाढत नाही, म्हणून पाठीला मिळायचा धक्का मिळत नाही. नाकावर असं संकट नसतं. तिथे हवा कमी दाबाकडे, उताराकडे धावत असते, म्हणून कडा गोल केल्या की नाक बोथट असूनही चालतं.

यावर सरळ उपाय म्हणजे शेपटी लांब, हळूहळू निमुळती करणं. झेपेलिन हवाई जहाजांवर काम केलेले पॉल यारै यांनी १९२० च्या दशकात गाड्यांना थेंबासारखा आकार दिला तो यासाठीच. (पावसाचा खरा थेंब तसा नसतो. लहान थेंब गोल असतो, मोठा खालून चपटा.) पण खरी निमुळती शेपटी इतकी लांब होते की गाडी वापरायची सोय राहत नाही. १९३० च्या दशकात श्टुटगार्टचे प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांच्या नावाने रुजलेली युक्ती अशी: शेपटी निमुळती करत न्या आणि अर्ध्यावर सरळ कापा. तोवर दाब बराचसा परत मिळालेला असतो आणि मागची पोकळी आक्रसून लहान झालेली असते. २०१९ मध्ये ताशी ४९०.४८ किलोमीटर वेग नोंदवणाऱ्या बुगाटी शिरॉनची शेपटीच सुमारे २५ सेंटिमीटर लांबवलेली होती.

किती उतार चालतो? १९८४ मध्ये एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी गाडीसारखा एक साधा ठोकळा घेऊन पाठीच्या उताराचा कोन बदलत मोजमापं केली. सुमारे साडेबारा अंशांपर्यंत रोध घटत गेला, नंतर ३० अंशांपर्यंत चढला आणि तिथून एकदम खाली कोसळला. कारण उताराच्या दोन्ही कडांवरून हवा आत वळते आणि विमानाच्या पंखटोकाशी होतात तसे दोन पीळदार भोवरे बनतात. हे भोवरे मधला प्रवाह पत्र्याला धरून ठेवतात, पण स्वतःच्या पोटात कमी दाब बाळगून उताराला मागे ओढतातही. ३० अंशांपलीकडे ते मोडतात, प्रवाह पूर्ण सुटतो आणि रोध उलट कमी होतो. म्हणजे २९ अंशांची डौलदार पाठ ही ३५ अंशांच्या ओबडधोबड पाठीपेक्षा वाईट ठरू शकते. डोळ्यांवर विसंबू नये ते यासाठी.

म्हणूनच छतावर चिकटवायच्या त्या छोट्या प्लॅस्टिकच्या कल्ल्यांच्या, म्हणजे माशाच्या पाठीवरच्या परासारख्या तुकड्यांच्या, जाहिराती मला खटकतात. त्यामागचं तत्त्व खरं आहे: कल्ले छोटे भोवरे करून वरची जोरकस हवा थकलेल्या सीमास्तरात मिसळतात. पण ते काम करतात प्रवाह सुटण्याच्या जागेच्या जरा आधी, योग्य उंचीचे असतील तरच. कुठेही चिकटवलेले कल्ले फक्त रोध वाढवतात. इंधनाच्या नळीवर चुंबक बांधून शक्ती वाढवण्याच्या दाव्यामागे तर तत्त्वही नाही. पेट्रोलच्या ज्वलनावर तसल्या चुंबकाचा काहीही परिणाम होत नाही.

रोध कमी करताना दुसरा शत्रू लपून बसलेला असतो: उचल. वरून फुगीर, खालून सपाट असा गाडीचा आकार विमानाच्या पंखाच्या जवळचा. ३०० च्या वेगात उचलीचा गुणांक ०.३ असला तर आपल्या गाडीवर अडीचशे किलोची उचल येते. १२०० किलोच्या गाडीचा पाचवा हिस्सा भार टायरांवरून जणू उचललाच गेला. गाडी जितकी हलकी, तितका हा हिस्सा मोठा. वजन कमी करणाऱ्याने उचल मोजलीच पाहिजे, नाहीतर त्याने स्वतःच्या जिवाशी खेळ मांडला आहे.

पोर्श ९१७ ची हीच व्यथा होती. १९६९ मध्ये आलेली ही गाडी लांब शेपटीची, प्रचंड वेगवान, आणि चालक तिच्यात बसायला घाबरत. मागचा भाग वेगात रस्ता सोडायला बघे. त्या वर्षी ऑक्टोबरात ऑस्ट्रियात झेल्टवेगच्या ट्रॅकवर चाचण्या चालू होत्या. जॉन हॉर्समन या अभियंत्याला दिसलं की गाडीच्या नाकावर, समोरच्या काचेवर चिलटं चिरडून चिकटली आहेत, पण मागचे स्पॉयलर (हवा वळवून गाडीला रस्त्यावर दाबून ठेवणाऱ्या पट्ट्या) जवळजवळ स्वच्छ आहेत. चिलटं येतात हवेबरोबर. म्हणजे स्पॉयलरपर्यंत हवा पोचतच नव्हती, ती वरच्या वर सुटून जात होती. त्यांनी तिथल्या तिथे अॅल्युमिनियमचे पत्रे जोडून पाठ उंच आणि आखूड केली, आणि गाडी शहाण्यासारखी धावू लागली. लांब शेपटीपेक्षा आखूड शेपटीचा रोध जास्त होता, कमाल वेग घटला, पण आता चालक वळणांवर तिच्यावर भरवसा ठेवू शकत होते. १९७० ची २४ तासांची ल मां शर्यत याच आखूड शेपटीच्या ९१७ ने जिंकली.

कॅरेरा आरएसच्या मागच्या, इंजिनावरच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली कड आहे ना, तिच्या मागेही हाच विचार. कडेमुळे तिच्या पुढच्या उतरत्या पत्र्यावर दाब वाढतो. पत्रा मागे झुकलेला असल्याने तो दाब गाडीला खाली दाबतो आणि थोडा पुढेही ढकलतो. एका कडेने उचल आणि रोध दोन्ही घटतात. उंच खांबांवरची मोठी विंग वेगळी. ती उलटा पंख आहे, डाउनफोर्सची, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या बलाची, किंमत रोधाने वसूल करते. वळणावळणांच्या ट्रॅकला ती हवीच, कमाल वेगाला नको.

स्वतः गाडी बदलत असाल तर पत्रा कापण्याआधी गाडीच्या पाठीवर, काचेवर, डिकीवर बोटभर लांबीचे लोकरीचे धागे एका टोकाला चिकटपट्टी लावून ओळीने चिकटवा. बंद ट्रॅकवर, जोडीदाराला शेजारच्या गाडीतून चित्रण करायला सांगून, गाडी एकसारख्या वेगाने चालवा. जिथे हवा धरून आहे तिथे धागे मागे निजलेले दिसतील. जिथे सुटली आहे तिथे ते उभे राहून थरथरतील, काही तर नाकाकडे वळतील. मग ताशी शंभरला न्यूट्रल करून गाडी ऐंशीवर यायला किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांनी, वारा नसताना मोजा. जाड पुठ्ठा आणि टेपने डिकीवर दोन बोटं उंच कड करा आणि दोन्ही चाचण्या पुन्हा घ्या. सेकंद वाढले आणि थरथरणाऱ्या धाग्यांची एक ओळ जरी निजली, तर तिथेच पत्र्याचं माप घ्या.