सांधा जाम आहे? पिळण्याआधी हे वाचा

नवी ॲक्शन फिगर (हातपाय हलणारी खेळण्यातली बाहुली) खोक्यातून काढली, गुडघा हलेना, जोर लावला आणि पाय हातात आला. आमच्याकडे येणाऱ्या कामात सर्वांत जास्त भरणा याच प्रकाराचा. जाम सांधा घरी दहा मिनिटांत सुटतो. तुटलेला पेग, म्हणजे सांध्यातले दोन भाग जोडणारी खुंटी, नव्याने बसवायला मात्र दोन दिवस जातात, आणि बिलही त्याच हिशेबाने होतं.

सांध्यात शिरलेला रंग सुकून चिकटतो. सहा इंची फिगरच्या मनगटातला किंवा घोट्यातला पेग बहुधा मऊ पीव्हीसीचा आणि बारीक असतो. थंड असताना फिरवलात तर सांधा जागचा हलत नाही, पेगलाच पीळ बसतो. मनगट फिरल्यासारखं वाटतं, पण सोडलं की परत मागे येतं. असं झालं किंवा पेग मुळाशी पांढरट दिसू लागला, तर तिथेच थांबा.

उकळलेलं पाणी गॅसवरून उतरवून चार-पाच मिनिटं थांबा. त्यात फक्त तो सांधा अर्धा मिनिट बुडवा. कापडी पोशाख, स्टिकर किंवा बॅटरी असेल तर पाण्याऐवजी हेअर ड्रायर वापरा. मग फिगर सांध्याच्या अगदी जवळ पकडून तो थोडा थोडा दोन्ही बाजूंना हलवा, एकदम पूर्ण फेरा नको. सुटल्यावरही गार होईपर्यंत हलवत राहा, नाहीतर पुन्हा धरतो. पारदर्शक पेग सहसा ठिसूळ असतात. ते घरी न हाताळलेले बरे.

शेवटी टूथपिकने सिलिकॉन तेलाचा एक थेंब. खोबरेल तेल नको, धूळ धरतं आणि थंडीत थिजतं. गंज काढायचा स्प्रेही नको, त्याने काही प्लास्टिकला तडे जातात.

ढिल्या सांध्यात फेविक्विक ओतू नका. हलवत राहिला नाहीत तर सांधा कायमचा एकसंध होतो. आम्ही बॉलवर, म्हणजे सांध्यातल्या गोळीवर, ॲक्रिलिक वार्निशचा पातळ थर देतो आणि सांधा उघडा ठेवून 24 तास सुकवतो. म्हणून ‘आजच द्या’ म्हटलं तर नाही म्हणावं लागतं.

‘तुटलेला पेग नुसता चिकटवून द्या, स्वस्तात होईल’ असंही बरेच जण सांगतात. सगळा ताण त्या इवल्याशा जोडावर येतो, दोन-चार पोझमध्ये परत तुटतो. आम्ही 1 मिमीचं भोक पाडून आत स्टीलची पिन घालतो. नुसतं चिकटवण्याचं काम घेत नाही.

कोपर काटकोनापलीकडे वाकत नसेल तर बहुतेकदा दंड आणि हाताचं प्लास्टिक एकमेकांना अडतं. ते आतल्या बाजूने अर्धा-अर्धा मिमी तासतो, 400 आणि मग 800 नंबरच्या पॉलिश पेपरने घासतो, वर रंग जुळवतो. तरीही एका बिजागरीचा कोपर दोन बिजागऱ्यांसारखा वाकणार नाही. पुढे विकायची असेल तर तासूच नका, किंमत उतरते.

फनस्कूल कंपनीच्या जुन्या जी. आय. जो या सैनिक फिगरची कंबर लोंबत असेल तर आतली रबरी रिंग गेलेली असते. पाठीचा स्क्रू काढून ती बदलता येते. स्क्रू परत आवळताना बेताने, प्लास्टिकचे आटे चटकन जातात. रिंगा आमच्याकडे सुट्ट्याही मिळतात.

कुरियर करताना तुटलेले तुकडे फिगरसोबत वेगळ्या पिशवीत टाका. पेगचा भाग खोबणीत अडकला असेल तर सुईने उकरू नका, तसाच पाठवा.