नोकरी सांभाळून दातांची ट्रीटमेंट: वेळ कशी लावायची

नाशिकमधल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात फोनवर पहिला प्रश्न हमखास येतो, "किती वेळ लागेल?" खुर्चीवरचा वेळ सांगणं सोपं आहे, साधारण एक तास. पण तुमचा दिवस बिघडतो तो त्यानंतरच्या चार तासांत. ओठ बधिर, बोलणं बोबडं, चहाचा चटका बसला तरी कळत नाही. म्हणून अपॉइंटमेंट घेताना ट्रीटमेंट किती वाजता संपेल याच्याबरोबर भूल किती वाजता उतरेल याचाही हिशोब करा.

खालच्या दाढेला भूल दिली की त्या बाजूचा ओठ आणि बहुतेक वेळा अर्धी जीभही बधिर होते. ती उतरायला तीन ते चार तास, कधी पाचही. वरच्या दाढेची भूल दोन-तीन तासांत उतरते आणि जिभेला तिचा त्रास नसतो. त्यामुळे शिक्षक, सेल्सवाले, कॉल सेंटरवाले यांनी वरची दाढ कामाआधी केली तर चालते, खालची मात्र काम संपल्यावरच. दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढा एकाच सिटिंगला करा असा आग्रह कृपया धरू नका. पूर्ण जीभ बधिर झाली की गिळणंही जड जातं, आणि चावायला एकही बाजू उरत नाही.

शिफ्टवाल्यांसाठी

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांतून येणाऱ्यांचं गणित असं बसतं. पहिली शिफ्ट (७ ते ३) असेल तर ४:३० ची वेळ घ्या. घरी जाऊन जेवून या, म्हणजे रात्री नऊच्या जेवणापर्यंत भूल उतरलेली असते. दुसरी शिफ्ट (३ ते ११) असेल तर सकाळी ९:३० ला या, पण भरपेट नाश्ता करून. १०:४५ ला सुटलात तरी खालची दाढ दोनपर्यंत बधिर राहील आणि दुपारचा डबा उशिरा उघडावा लागेल. बधिर तोंडाने घाईत जेवणारा माणूस गाल चावतो, त्याला कळतही नाही. दुसऱ्या दिवशी दाढ शांत असते, गालाची जखम मात्र आठवडाभर छळते.

नाईट करून सकाळी थेट दवाखान्यात येऊ नका. जागरण आणि रिकामं पोट असलं की इंजेक्शनच्या वेळी चक्कर येते. झोपा, जेवा, पाचला या. मधुमेह असेल तर सकाळची वेळ बरी. नेहमीची गोळी आणि नाश्ता दोन्ही घेऊनच या. रक्त पातळ होण्याची गोळी स्वतःहून बंद करू नका, आधी आम्हाला सांगा.

पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांना हाफ डे काढून फारसा उपयोग होत नाही. रविवारी सकाळच्या मोजक्या वेळा आम्ही त्यांच्यासाठी ठेवतो.

रूट कॅनॉल: चार खेपा, साधारण तीन आठवडे

पहिल्या सिटिंगला एक्स-रे, भूल, दाढ उघडणं, नसांची लांबी मोजणं आणि सफाई. दाढेत तीन, वरच्या दाढेत बऱ्याचदा चार नसा असतात, म्हणून तास-सव्वा तास जातो. समोरच्या दाताला बहुधा एकच नस, काम निम्म्या वेळात होतं. आत औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट भरतो. सात ते दहा दिवसांनी नसा कायमच्या भरतो, पाऊण तास. तिसऱ्या खेपेला दाढ घासून कॅपचं माप, पाऊण तास. लॅबमधून कॅप यायला पाच ते सात दिवस लागतात, ती बसवायला वीस-तीस मिनिटं. संसर्ग फार नसेल तर दुसरी आणि तिसरी खेप एकत्र करून दीड तासात उरकता येते. तशी इच्छा असेल तर आधीच सांगा, आयत्या वेळी तेवढी जागा मोकळी नसते. सलग दोन तासांच्या वर मात्र आम्ही जात नाही. जबडा आखडतो आणि पुढचे दोन दिवस तोंड नीट उघडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पहिल्या सिटिंगनंतर. ठणका थांबतो, महिनाअखेरचं काम येतं, दिंडोरी-पिंपळगावकडच्या मंडळींची द्राक्षबागेची छाटणी निघते आणि दुसरी तारीख राहून जाते. तात्पुरतं सिमेंट दोन-तीन आठवडे टिकावं एवढ्याचसाठी असतं. ते झिजलं की कडेने लाळ आत झिरपते, जंतू परत शिरतात आणि सफाई पहिल्यापासून करावी लागते. त्याहून वाईट म्हणजे आतून पोकळ झालेली दाढ शेंगदाणा चावतानाही उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून मार्ग नसतो. म्हणून छाटणी, ऑडिट, लग्नकार्य जवळ असेल तर ते उरकल्यावर सुरुवात करा. अर्थात ठणका किंवा सूज असेल तर थांबू नका.

सिमेंट भरल्यावर तासभर काही खाऊ नका, नंतरही दुसऱ्या बाजूने चावा. वरचा थोडा थर गेला तर घाबरू नका, पूर्ण निघालं तर त्याच दिवशी या. तात्पुरती कॅप निघाली तर ती डबीत घालून आणा. फेविक्विकने चिकटवू नका, हे सांगावं लागतं, कारण तसं केलेलं आम्ही पाहिलं आहे. कॅपशिवाय बरेच दिवस गेले तर शेजारचे दात सरकतात आणि लॅबमधून आलेली कॅप बसत नाही.

दाढ खूप ठणकत असताना रात्री आठला येऊन "आजच संपवा" म्हणालात तर बहुधा जमणार नाही. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि भूल नीट चढत नाही. त्या दिवशी पू काढून आराम देतो, बाकी काम पुढच्या तारखेला.

अक्कलदाढ काढायची असेल तर

सूज त्याच दिवशी सगळ्यात जास्त नसते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असते. साप्ताहिक सुट्टी शनिवारी असेल तर गुरुवारी संध्याकाळी काढा, रविवारी असेल तर शुक्रवारी. बोळा पाऊण तास दाबून धरा. चोवीस तास चूळ, स्ट्रॉ, जोरात थुंकणं बंद. तंबाखू आणि सिगारेट तर निदान तीन दिवस नकोच. जखम झाकणारी रक्ताची गुठळी निघाली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळ जाते. वजन उचलण्याचं काम दोन दिवस टाळा. आम्ही लिहून दिलेली गोळी भूल उतरण्याआधी घ्या. टाके सातव्या दिवशी, दहा मिनिटांचं काम.

दात सरळ करायच्या तारांना पहिला दिवस सोडला तर महिन्याकाठी अर्धा तास पुरतो.

कामावर दाखवायला चिठ्ठी हवी असेल तर त्याच दिवशी मागा. आल्या-गेल्याची वेळ लिहून देऊ, मागची तारीख घालून मिळणार नाही. दिवाळीआधी कॅप हवी असेल तर माप निदान दहा दिवस आधी द्या, लॅबही बंद असते. वेळ ठरवताना शिफ्ट, साप्ताहिक सुट्टी, चालू गोळ्या आणि द्वारका चौक ओलांडून येणार का, हे सांगा. शेवटच्या प्रश्नावर हसू नका, संध्याकाळी सहाला तिथे वीस मिनिटं सहज जातात.